चौथा डाऊन कधी खेळावा आणि कधी लाथ मारावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोणत्या फुटबॉलविषयी आहेत?

अमेरिकन फुटबॉलविषयी, आणि त्यातही मुख्यतः एनएफएल या व्यावसायिक लीगविषयी. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांत मुलांमुळे किंवा कार्यालयातील सहकाऱ्यांमुळे हा खेळ घरात येतो, आणि भारतातही रविवारी रात्री उशिरापर्यंत जागून तो पाहणारे आहेत. नियमांची तोंडओळख झाल्यावर बहुतेकांच्या मनात पहिली खरी शंका येते ती चौथ्या डाऊनविषयी, म्हणून येथे तेवढ्याच विषयाचा विचार केला आहे.

चौथ्या डाऊनला नेमके काय ठरवायचे असते?

चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात, आणि प्रत्येक संधीला डाऊन म्हणतात. चार संधींत १० यार्ड झाले की पुन्हा नव्याने चार संधी मिळतात. न झाल्यास चेंडू जिथे अडला असेल तिथेच तो प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात जातो. तीन संधी संपून काही अंतर बाकी राहिले असेल तर प्रशिक्षकासमोर तीन मार्ग उरतात. पहिला म्हणजे पंट, अर्थात चेंडू दूरवर लाथाडून प्रतिस्पर्ध्याला शक्य तितक्या मागून सुरुवात करायला लावणे. दुसरा म्हणजे खांबांच्या मधून चेंडू मारून फील्ड गोलचे ३ गुण मिळवण्याचा प्रयत्न करणे. तिसरा म्हणजे लाथ न मारता नेहमीसारखा डाव खेळून उरलेले यार्ड मिळवण्याचा प्रयत्न करणे, ज्याला समालोचक ‘गो फॉर इट’ म्हणतात आणि ज्याला येथे ‘चौथा डाऊन खेळणे’ असे म्हटले आहे.

पंट हा सुरक्षित मार्ग आहे, मग धोका का पत्करायचा?

पंट सुरक्षित वाटतो, कारण त्याची किंमत डोळ्यांना दिसत नाही. पंट करणारा संघ चेंडू स्वेच्छेने देऊन टाकतो, म्हणजे त्या चढाईतून गुण मिळण्याची शक्यता तो स्वतःच्या हाताने शून्यावर आणतो, आणि त्याच्या बदल्यात मैदानाचे साधारण ४० यार्ड विकत घेतो. हा सौदा कधी फायद्याचा असतो आणि कधी फार महाग पडतो. स्वतःच्या १५ यार्ड रेषेवर (म्हणजे आपल्या गोलरेषेपासून १५ यार्डांवर) ९ यार्ड बाकी असतील तर पंटला पर्याय नाही. मात्र मैदानाच्या मध्यावर १ यार्ड बाकी असताना पंट केला, तर तीनपैकी जवळजवळ दोन वेळा सफल होणारा प्रयत्न सोडून देऊन हाती काय येते, हे विचारलेच पाहिजे. शिवाय मध्यावरून मारलेला चेंडू एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, घुसला तर प्रतिस्पर्ध्याला २० यार्ड रेषेवरून चेंडू मिळतो, आणि एवढा खटाटोप करून जेमतेम ३० यार्डांचाच फरक पडतो.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा मांडतात?

त्याचा पाया ‘अपेक्षित गुण’ या कल्पनेवर आहे. मैदानाच्या एखाद्या जागेवर पहिला डाऊन आणि १० यार्ड अशी स्थिती असलेल्या संघांनी पूर्वीच्या हजारो डावांत पुढे काय केले, त्यांना गुण मिळाले की त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना, याची सरासरी काढली की त्या जागेची किंमत गुणांत सांगता येते. मैदानाच्या मध्यावर चेंडू हाती असणे सुमारे २ गुणांच्या मोलाचे ठरते, प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेजवळ ती किंमत ६ च्या आसपास पोहोचते, आणि स्वतःच्या गोलरेषेला अगदी चिकटून चेंडू मिळाला असेल तर ती शून्याच्याही खाली जाते, कारण त्या कोंडीतून सुटण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्यालाच गुण मिळण्याची शक्यता अधिक असते.

आता मैदानाचा मध्य, चौथा डाऊन आणि १ यार्ड बाकी अशी स्थिती घेऊ आणि हिशेब सोपा जावा म्हणून आकडे ढोबळ धरू. प्रयत्न सफल झाला तर आपली स्थिती अधिक २.२ गुणांची होते. फसला तर प्रतिस्पर्ध्याला तिथेच चेंडू मिळतो, म्हणजे आपल्यासाठी ती उणे २ गुणांची होते. उत्तम पंट मारून प्रतिस्पर्ध्याला त्याच्या १२ यार्ड रेषेजवळ कोंडले तर आपली स्थिती उणे ०.२ च्या आसपास राहते. फसण्याच्या तुलनेत पंट १.८ गुणांनी बरा आहे, तर सफल होणे फसण्यापेक्षा ४.२ गुणांनी चांगले आहे. १.८ ला ४.२ ने भागले की सुमारे ४३ टक्के येतात, आणि यश मिळण्याची शक्यता त्याहून जास्त असेल तर डाव खेळणे फायद्याचे ठरते. एनएफएलमध्ये चौथ्या डाऊनला १ यार्ड मिळवण्याचा प्रयत्न साधारण दोन तृतीयांश वेळा सफल होतो. त्या दराने डाव खेळण्याची सरासरी अधिक ०.८ भरते, म्हणजे या एका निर्णयात पंटच्या तुलनेत सुमारे १ गुणाचा फरक पडतो. अनेक सामन्यांचा निकाल ३ गुणांच्या आत लागत असताना १ गुण सहज सोडून देण्यासारखा नसतो.

यातला महत्त्वाचा आकडा यशाचा नसून त्या ४३ टक्क्यांचा आहे. चर्चा बहुतेक वेळा ‘जमेल का?’ या प्रश्नाभोवती फिरते, आणि जमण्याची शक्यता निम्म्याहून कमी असेल तर प्रयत्न चुकीचा असे गृहीत धरले जाते. वस्तुतः किती टक्के यश पुरेसे आहे हे त्या जागी पंट किंवा फील्ड गोल किती मोलाचा आहे त्यावर ठरते, आणि ते प्रमाण अनेक ठिकाणी निम्म्यापेक्षा बरेच खाली असते.

हा विचार संगणकाच्या युगात नव्याने आला आहे का?

नाही. सिनसिनाटी बेंगल्स संघाचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा आणि पास देणारा खेळाडू) व्हर्जिल कार्टर आणि प्राध्यापक रॉबर्ट मॅकॉल यांनी १९७१ मध्ये, मैदानावरच्या प्रत्येक पट्ट्याची किंमत अपेक्षित गुणांत मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. खेळणाऱ्यानेच हा हिशेब मांडावा हे आजही विशेष वाटते. पुढे बर्कली येथील अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी १९९८ ते २००० या तीन हंगामांतील सामन्यांचा अभ्यास केला. त्यांचा मसुदा २००२ मध्ये बाहेर आला आणि अंतिम निबंध २००६ मध्ये छापला गेला. गुणफलक आणि घड्याळ यांचा निर्णयावर कमीत कमी परिणाम असावा म्हणून त्यांनी फक्त पहिल्या क्वार्टरचे (सामन्याच्या चार भागांपैकी पहिल्या भागाचे) डाव घेतले, आणि चौथ्या डाऊनचे प्रयत्न मोजकेच होत असल्यामुळे यशाचा अंदाज तिसऱ्या डाऊनवरून बांधला. त्यांच्या हिशेबाने डाव खेळणे सरासरीने फायद्याचे होते असे १,०६८ प्रसंग निघाले, आणि त्यांपैकी ९५९ प्रसंगी संघांनी लाथ मारली होती. रोमर यांचा मूळ प्रश्न फुटबॉलचा नव्हता. कडव्या स्पर्धेत वावरणाऱ्या संस्था खरोखरच आपल्या हिताचा कमाल विचार करतात का, हे त्यांना तपासायचे होते, आणि फुटबॉलने त्यांना प्रतिकूल उत्तर दिले.

गोलरेषेपासून २ यार्डांवर चौथा डाऊन असेल तर हातचे ३ गुण का सोडावेत?

वरवर पाहता दोन्ही मार्ग सारखेच भासतात. एवढ्या जवळून फील्ड गोल जवळजवळ नक्की असतो, आणि सातापैकी तीन वेळा टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेणे, जादा गुणासह ७ गुण) झाला तरी सरासरी ३ गुणच मिळतात. पण हा हिशेब डाव संपताच थांबतो, खेळ मात्र तिथे थांबत नाही.

फील्ड गोल किंवा टचडाऊन यांपैकी काहीही झाले तरी त्यानंतर किकऑफ होतो आणि प्रतिस्पर्ध्याला बऱ्यापैकी जागेवरून चेंडू मिळतो. ती जागा सुमारे १ गुणाची धरली तर फील्ड गोल प्रत्यक्षात २ गुणांचा आणि टचडाऊन ६ गुणांचा ठरतो. प्रयत्न फसला तर मात्र प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या २ यार्ड रेषेवरून, अक्षरशः पाठ भिंतीला टेकलेल्या अवस्थेत खेळावे लागते, आणि ती स्थिती आपल्या बाजूने सुमारे अर्ध्या गुणाची असते. फसण्याच्या तुलनेत फील्ड गोलचा लाभ दीड गुण आणि टचडाऊनचा लाभ साडेपाच गुण झाला, म्हणजे सुमारे २७ टक्के यश मिळाले तरी डाव खेळणे परवडते. टचडाऊननंतर २ गुणांसाठी जो जादा प्रयत्न होतो तोही २ यार्डांवरूनच होतो, आणि तो निम्म्याच्या जवळपास वेळा सफल होत आला आहे. म्हणून सामन्याच्या सुरुवातीच्या भागात गोलरेषेपासून १ किंवा २ यार्डांवर फील्ड गोल घेणे हा माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत महागडा सावधपणा आहे.

मैदानाच्या कोणत्या भागात किती यार्डांपर्यंत खेळावे?

एकच नियम सांगता येणार नाही, कारण संघ, हवा, गुणफलक आणि घड्याळ यांप्रमाणे उत्तर बदलते. तरीही सामना अटीतटीचा असून वेळ पुष्कळ बाकी आहे असे धरले तर ढोबळ चित्र पुढीलप्रमाणे दिसते. स्वतःच्या २० ते ३० यार्डांच्या आत १ यार्ड वगळता पंटच बरा. स्वतःच्या ४० पासून पुढे १ आणि २ यार्डांना बहुधा खेळावे, आणि मध्याच्या पलीकडे ३ किंवा ४ यार्डांनाही विचार करावा. प्रतिस्पर्ध्याच्या ४५ ते ३८ यार्ड रेषांमधला पट्टा मोठा चमत्कारिक आहे: तिथून फील्ड गोल फार लांबचा पडतो आणि पंट मारून फारसे काही साधत नाही, त्यामुळे ५-६ यार्ड बाकी असतानाही डाव खेळणे हाच तीन अपुऱ्या मार्गांपैकी कमी वाईट मार्ग ठरतो.

या पट्ट्याची पुढची हद्द मात्र गेल्या वीस वर्षांत सरकली आहे. रोमर यांच्या हिशेबाने प्रतिस्पर्ध्याच्या ३३ यार्ड रेषेजवळ जवळजवळ १० यार्ड बाकी असतानाही डाव खेळणे योग्य होते, कारण तेव्हाच्या किकरांना ५० यार्डांचा फील्ड गोल भरवशाचा नव्हता. फील्ड गोलचे अंतर मोजताना रेषेच्या आकड्यात एंड झोनचे १० आणि चेंडू मागे धरण्याचे ७-८ यार्ड मिळवावे लागतात, म्हणून ३३ वरचा फील्ड गोल ५० किंवा ५१ यार्डांचा होतो. आजचे किकर त्या अंतराचा गोल बऱ्याच आत्मविश्वासाने मारतात. त्यामुळे जुन्या तक्त्यातला तो भाग आज जसाच्या तसा वापरणे चूक ठरेल, आणि आकडेवारीचा आधार घेणाऱ्यांनीच ही खबरदारी प्रथम घेतली पाहिजे.

मग प्रशिक्षक इतकी वर्षे लाथच का मारत राहिले?

गणित त्यांना येत नव्हते हे उत्तर पुरेसे नाही. पंट करून सामना गमावला तर पराभव खेळाडूंच्या नावावर जातो. डाव खेळून गमावला तर तो प्रशिक्षकाच्या नावावर जातो, आणि दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत त्या एका निर्णयावरच प्रश्न येतात. ज्याची नोकरी दोन वाईट हंगामांत जाऊ शकते त्याने संघाच्या विजयाच्या शक्यतेइतकाच स्वतःच्या टीकेचा विचार केला तर ते समजण्यासारखे आहे, भले ते समर्थनीय नसेल. हातचे गमावण्याचे दुःख मिळवण्याच्या आनंदाहून तीव्र असते हाही त्यातलाच भाग. संघमालक जेव्हा उघडपणे पाठीशी उभे राहिले तेव्हा बदल झाला. फिलाडेल्फिया ईगल्स हे त्याचे ठळक उदाहरण. ४ फेब्रुवारी २०१८ रोजीच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, प्रशिक्षक डग पीडरसन यांनी पूर्वार्धाच्या शेवटी, गोलरेषेपासून १ यार्डावर, चौथ्या डाऊनला ट्रे बर्टनकरवी क्वार्टरबॅक निक फोल्सलाच पास देण्याचा डाव रचला आणि टचडाऊन मिळवला. त्या डावाची चित्रफीत आजही सगळीकडे फिरते. माझ्या मते त्याहून मोलाचा निर्णय चौथ्या क्वार्टरमधला होता: प्रतिस्पर्धी पॅट्रियट्स ३३-३२ असे एका गुणाने पुढे, सहा मिनिटांहून कमी वेळ, चेंडू स्वतःच्या ४५ यार्ड रेषेवर आणि १ यार्ड बाकी. पीडरसन यांनी पंट केला नाही, झॅक अर्ट्झने पास झेलून अंतर पूर्ण केले, त्याच चढाईत पुढे टचडाऊन झाला, आणि ईगल्सनी सामना ४१-३३ असा जिंकला.

प्रयत्न फसला तर निर्णय चुकीचा होता असे म्हणता येईल का?

निकालावरून निर्णयाचे मोल ठरवू नये, आणि यासाठी १५ नोव्हेंबर २००९ चा सामना अजूनही सर्वांत उपयुक्त आहे. न्यू इंग्लंड पॅट्रियट्स इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध ३४-२८ असे पुढे होते, दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ बाकी होता, चेंडू पॅट्रियट्सच्या स्वतःच्या २८ यार्ड रेषेवर होता आणि २ यार्ड हवे होते. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी डाव खेळायचे ठरवले. टॉम ब्रेडीचा पास केव्हिन फॉकने पकडला, पण तो पहिल्या डाऊनच्या खुणेआधीच अडवला गेला, आणि काही डावांतच पेटन मॅनिंगच्या पासवर रेजी वेनने टचडाऊन करून कोल्ट्सना ३५-३४ असा विजय मिळवून दिला.

बेलिचिक यांच्यावर टीकेची झोड उठली. त्याच सुमारास ब्रायन बर्क या विश्लेषकाने मांडलेला हिशेब मात्र शांत होता. २ यार्ड मिळण्याची शक्यता ६० टक्के, आणि ते मिळाले तर सामना जवळजवळ संपलाच. फसले तरी कोल्ट्स टचडाऊन करतील याची शक्यता ५३ टक्के, म्हणजे उरलेल्या ४७ टक्के वेळा पॅट्रियट्सच जिंकणार. दोन्ही मिळून विजयाची शक्यता ७९ टक्के भरते. पंट केल्यास कोल्ट्सना ६६ यार्ड जावे लागले असते आणि पॅट्रियट्सची शक्यता ७० टक्के राहिली असती. या आकड्यांवर वाद घालता येतो, आणि घालावाही. मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक समोर असताना सरासरीचा ७० टक्के हा आकडा पंटच्या बाजूने उदारच आहे असे मला वाटते. परंतु ‘फसला म्हणून चूक’ या वाक्यात कोणताही हिशेब नसतो.

डेट्रॉइट लायन्सनी फील्ड गोल घेतले असते तर ते जिंकले नसते का?

२८ जानेवारी २०२४ च्या एनएफसी (एनएफएलच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्याविषयी हा प्रश्न येतो. मध्यंतराला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सविरुद्ध २४-७ असे पुढे असलेल्या लायन्सनी उत्तरार्धात दोनदा चौथा डाऊन खेळला. एकदा २४-१० असताना प्रतिस्पर्ध्याच्या २८ यार्ड रेषेवरून २ यार्डांसाठी, आणि नंतर २४-२७ असे मागे पडल्यावर ३० यार्ड रेषेवरून ३ यार्डांसाठी. दोन्ही प्रयत्न फसले आणि सामना ३४-३१ असा गेला. फरक ३ गुणांचाच असल्यामुळे ‘दोन फील्ड गोल म्हणजे ६ गुण’ अशी बेरीज लगेच मांडली जाते.

ती बेरीज दोन ठिकाणी कच्ची आहे. ते फील्ड गोल ४५ ते ४८ यार्डांचे होते, म्हणजे हातचे नव्हते. आणि पहिला गोल झाला असता तर त्यानंतरचा प्रत्येक डाव दोन्ही संघांनी वेगळ्या परिस्थितीत खेळला असता, त्यामुळे उरलेला सामना तसाच ठेवून वरती ३ गुण चिकटवता येत नाहीत. पहिल्या प्रसंगी पास नेमका होता आणि तो झेलणाऱ्याच्या हातून सुटला. माझे मत विचाराल तर पहिला निर्णय दोन्ही बाजूंनी जवळपास समसमान होता. १७ गुणांची आघाडी होणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला तीनदा गुण मिळवावे लागणे, आणि या बाजूच्या युक्तिवादात तथ्य आहे. दुसऱ्या प्रसंगीही फरक फार नव्हता. जिथे फरक एक-दोन टक्क्यांचा असतो तिथे लायन्सच्या डॅन कॅम्पबेल यांच्यासारख्या प्रशिक्षकाने आपल्या संघाच्या स्वभावानुसार ठरवले तर त्याला धाडसी किंवा मूर्ख म्हणण्याचे कारण नाही.

शेवटच्या मिनिटांत हेच नियम लागू पडतात का?

नाही, तिथे गुणांची सरासरी बाजूला ठेवून थेट विजयाची शक्यता पाहावी लागते, कारण ३ गुणांची किंमत आता गुणफलकावर अवलंबून असते. २४ जानेवारी २०२१ रोजी टॅम्पा बे बकनीअर्सविरुद्ध २३-३१ असे ८ गुणांनी मागे असलेल्या ग्रीन बे पॅकर्सना, दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ असताना, गोलरेषेपासून ८ यार्डांवर चौथा डाऊन मिळाला. क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स होता. प्रशिक्षक मॅट लाफ्लूर यांनी फील्ड गोल घेतला, फरक ५ वर आला, आणि त्यानंतर चेंडू पॅकर्सना परत मिळालाच नाही; सामना ३१-२६ असा संपला.

लाफ्लूर यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की ८ यार्ड सोपे नव्हते आणि टचडाऊन झाला असता तरी बरोबरीसाठी आणखी २ गुणांचा प्रयत्न लागलाच असता. तरीही फील्ड गोलनंतर त्यांना एक टचडाऊन हवाच होता, आणि तो मिळवण्यासाठी आधी चेंडू परत मिळवून मग बहुधा संपूर्ण मैदान पार करावे लागणार होते. प्रयत्न फसला असता तर प्रतिस्पर्धी स्वतःच्या ८ यार्ड रेषेवर कोंडला गेला असता आणि चेंडू परत मिळताना चांगली जागा हाती आली असती. गोलरेषेपासून ८ यार्डांवर उभे असताना, टचडाऊनची गरज असूनही तो प्रयत्न पुढे ढकलणे मला पटत नाही.

चौथा डाऊन खेळायचा हे आधीच ठरले असेल तर तिसऱ्या डाऊनमध्ये काय बदलते?

बरेच काही बदलते, आणि या लाभाकडे दुर्लक्ष होते. तिसऱ्या डाऊनला ६ यार्ड बाकी असतील आणि त्यानंतर पंटच होणार असेल, तर ६ यार्ड एकाच डावात मिळवावे लागतात आणि पास जवळजवळ ठरलेला असतो, हे बचाव फळीलाही ठाऊक असते. दोन डाव हाती आहेत हे माहीत असेल तर तिसऱ्या डाऊनला धावत ४ यार्ड मिळवून चौथ्याला २ यार्ड मागणे हा धडधडीत चांगला पर्याय होतो. म्हणून निर्णय चौथा डाऊन आल्यावर न घेता दुसऱ्या-तिसऱ्या डाऊनच्या सुमारासच घ्यावा. उशिरा ठरवणारा प्रशिक्षक एक टाइमआउटही वाया घालवतो, आणि टाइमआउटचे मोल शेवटच्या दोन मिनिटांत कळते.

‘टश पुश’मुळे हा हिशेब बदलला का?

१ यार्डाच्या बाबतीत निश्चितच बदलला. क्वार्टरबॅक स्वतः चेंडू घेऊन समोरच्या रांगेत घुसतो आणि मागचे सहकारी त्याला ढकलतात, असा हा डाव ईगल्सनी २०२२ पासून जेलन हर्ट्सच्या बळावर इतका पक्का केला की त्यांच्यासाठी १ यार्ड म्हणजे नव्या चार संधीच झाल्या. चेंडू घेतलेल्या खेळाडूला मागून ढकलण्यावरची बंदी २००५ मध्ये उठली होती. हा डाव बंद करण्याचा ग्रीन बेचा प्रस्ताव मे २०२५ मध्ये मतदानाला आला तेव्हा त्याला २२ संघांचा पाठिंबा मिळाला, आणि आवश्यक २४ मतांना दोन मते कमी पडली. इतर संघांना मात्र ईगल्सइतके यश या डावात मिळालेले नाही, म्हणून सरासरीच्या तक्त्यात ईगल्सचा आकडा सगळ्यांना लावू नये.

प्रयत्न फसला की संघाचे मनोधैर्य खचते आणि सामन्याचे पारडे फिरते, हे हिशेबात का धरत नाहीत?

फसण्याची जी किंमत आधी उणे २ गुण धरली, ती प्रत्यक्ष सामन्यांत चेंडू हातातून गेल्यानंतर जे घडले त्यावरूनच काढलेली असते. चेंडू मध्यावर मिळालेला प्रतिस्पर्धी जो काही उत्साहाने खेळतो तो तिच्यात येतो. त्यापलीकडे आणखी काही परिणाम असेल तर तो सफल प्रयत्नानंतरही तितकाच असायला हवा, पण असा युक्तिवाद करणारे त्याची उलटी बाजू सहसा धरत नाहीत.

दूरचित्रवाणीवर दिसणारे ‘खेळा’ किंवा ‘पंट करा’ असे सल्ले किती विश्वासार्ह असतात?

दोन पर्यायांतील फरक विजयाच्या शक्यतेच्या ४-५ टक्क्यांहून अधिक दाखवला असेल तर तो गांभीर्याने घ्यावा. फरक १ टक्क्याच्या आसपास असेल तर तो सल्ला नसून बरोबरी आहे असे समजावे, कारण सल्ला देणाऱ्या संगणकीय प्रतिमानाला (मॉडेलला) मुख्य सेंटर, म्हणजे डाव सुरू करताना चेंडू मागे देणारा खेळाडू, जखमी आहे, वारा किकरच्या तोंडावर आहे किंवा समोरच्या बचावातला सर्वांत धिप्पाड खेळाडू बाकावर बसला आहे, यांतले सगळे माहीत नसते. संघांकडे त्याहून तपशीलवार तक्ते असतात. ते आठवडाभर आधी तयार केले जातात, आणि पुढचा डाव सुरू करायला जेमतेम ४० सेकंद मिळत असल्यामुळे बहुतेक निर्णय प्रत्यक्षात सामन्याआधीच झालेले असतात.

कधीच पंट न करता खेळता येईल का?

शालेय पातळीवर ते जवळजवळ करून दाखवले गेले आहे. आर्कान्सामधील लिटल रॉक येथील पुलास्की अकॅडमीचे प्रशिक्षक केव्हिन केली क्वचितच पंट करत आणि त्यांनी अनेक राज्यविजेतेपदे मिळवली. तिथे पंट मारणारेही कच्चे असतात आणि आक्रमण बचावाच्या बरेच वरचढ असते, म्हणून हिशेब त्यांच्या बाजूने झुकतो. केली २०२१ मध्ये प्रेस्बिटेरियन कॉलेजमध्ये गेले तेव्हा त्यांच्या संघाने २ सामने जिंकले आणि ९ गमावले. त्यावरून त्यांची पद्धत मोडीत काढता येत नाही, कारण तुलनेने दुबळा संघ कोणत्याही पद्धतीने हरतोच. व्यावसायिक लीगमध्ये मात्र स्वतःच्या २० यार्डांच्या आत ८ यार्ड बाकी असताना पंट सोडण्याचे समर्थन कोणतेही प्रतिमान करत नाही.

कॅनडाच्या फुटबॉलमध्ये काय करतात?

तिथे चारऐवजी तीनच डाऊन असतात, त्यामुळे हा प्रश्न तिसऱ्या डाऊनला येतो. बचाव फळीला चेंडूपासून १ यार्ड मागे उभे राहावे लागते. साहजिकच १ यार्ड बाकी असेल तर संघ सहसा फार विचार न करता डाव खेळतात, आणि त्याबद्दल प्रशिक्षकाला कोणी जाब विचारत नाही.